पाणीसाहेबांचा चार्ज

जिन्यात माझ्या चपलांचा आवाज आला की खालच्या दारातून हाक यायची, "लिंबू, म्हैस, कंदील! पास का नापास, डॉक्टर?"

"पास साहेब, पास," असं पुटपुटत मी स्कूटरकडे पळायचो. तिथं गेल्यावर कळायचं की किल्ली वर टेबलावरच राहिली आहे. मग पुन्हा जिना, पुन्हा तेच दार. दुसऱ्या खेपेला साहेब मला काही विचारायचे नाहीत. नुसते आत काकूंना ऐकवायचे, "अगं, आज बी किल्ली विसरला. ह्याच्या भरवशावर उंदरांनी राहायचं म्हणजे अवघड हाय."

साहेब म्हणजे आमचे घरमालक. पाणीपुरवठा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे दोन गल्ल्यांची आमची कॉलनी आहे, ती सगळी त्यांना पाणीसाहेब म्हणायची. मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात उंदरांच्या मेंदूवर संशोधन करतो, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे उंदीरच माझ्यावर संशोधन करत असावेत. इतक्या वर्षांत त्यांना माझा जेवढा अंदाज आला आहे, तेवढा मला त्यांचा आलेला नाही.

पीएच.डी. मिळाली तेव्हा सोयगावहून आई खास आली. "लेक डॉक्टर झाला" म्हणून तिने दोन्ही गल्ल्यांत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे दाखवायला म्हाताऱ्या आमच्या जिन्यात रांगेने बसल्या. मी घाबरून आतून कडी लावली. शेवटी साहेबांनी खालून खुलासा केला, "माय, हा डॉक्टर बिनसुईचा हाय. ह्याला गुडघे दाखवून उपयोग नाय. शेपूट असंल तर दाखवा." त्या दिवसापासून मी बिनसुईचा डॉक्टर. पुढे नुसता डॉक्टर उरला, पण त्यातली बिनसुई प्रत्येकाच्या डोळ्यांत दिसायची.

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. ते आपल्या ठरलेल्या दिवशी येतं आणि मधले दिवस त्याच्यावरून मोजले जातात. आमच्या कॉलनीत कुणी "बुधवारी या" म्हणत नाही, "पाण्याच्या दुसऱ्या दिवशी या" म्हणतात. डोहाळजेवण, चादरी धुणं, नव्या सुनेचं माहेरपण, सगळं पाणी बघून ठरतं. मोठ्या रस्त्यावरचा व्हॉल्व्ह लाइनमन उघडतो. पण आमच्या कॉलनीच्या तोंडाशी आणखी एक धाकटा व्हॉल्व्ह आहे. तो बंद असला की पाणी चढून वरच्या गल्लीला जातं, उघडला की उताराने खालच्या गल्लीला. वरच्यांच्या टाक्या भरल्या की तो उघडायचा, एवढंच काम. पण ते वेळेवर झालं नाही तर एक गल्ली पुढच्या पाण्यापर्यंत कोरडी. ह्या व्हॉल्व्हवर सरकारने कुणाची नेमणूक केलेली नव्हती, म्हणून निवृत्त झाल्यावर साहेबांनी स्वतःची केली.

त्या व्हॉल्व्हची चावी छातीइतकी उंच, वर आडवा दांडा असलेली, लोखंडी. ती त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी उभी असायची. पाण्याच्या आदल्या दिवशी साहेब तिला खोबरेल तेल लावायचे. "माझ्या केसांना नाय एवढं तेल त्या चावीला," असं काकू म्हणायच्या आणि बाटली मात्र स्वतःच आणून द्यायच्या. पाण्याच्या दिवशी साहेब इस्त्रीचा सफारी घालायचे, खिशाला पेन लावायचे आणि चावी खांद्यावर टाकून निघायचे. वरातीत नवरदेवसुद्धा इतका गंभीर नसतो. व्हॉल्व्हचं झाकण काढून चावी आत सोडायची आणि ती अशी फिरवायची, जसं काही खाली कुणी झोपलेलं आहे. "पाण्याला धक्का लावायचा नाय," ते म्हणायचे. "झटका दिला की पाइप फुटतो. घाई करायची असंल तर लग्नाला जावं, व्हॉल्व्हवर येऊ नाय."

मधल्या दिवशीही त्यांना चैन नसायचं. रस्त्यावर स्टीलचा पेला पालथा घालायचा, त्याच्या बुडाला कान लावायचा आणि डांबरावर आडवं व्हायचं. जमिनीखाली पाइप कुठे गळतो ते त्यातून ऐकू येतं म्हणे. एकदा कुणाकडच्या पाहुण्याला वाटलं, म्हातारबाबा चक्कर येऊन पडले. त्याने धावत येऊन तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. साहेब उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाणी सांडलं ते सांडलं, वरून ऐकू बी देईना." निम्म्या वेळा त्यांचा अंदाज चुकायचा. ते सांगतील तिथे खणलं की कोरडी माती निघायची. मग ते म्हणायचे, "बरोबर हाय. आपण येणार म्हणून ते सरकलं."

माझ्या संशोधनात त्यांनी लक्ष घातलं ते माझ्या बोटांमुळे. मी एकदा कोपरापर्यंत निळा होऊन घरी आलो. प्रयोगशाळेत रंगाची बाटली माझ्या हातून फुटली होती. माझ्या हातून तिथे दुसरं विशेष काही घडत नाही. गच्चीत टाकीजवळ साहेब उभे होते. ते म्हणाले, "काय रे, उंदीर रंगवतो का काय तू?"

मी खूश झालो. मला आपणहून कुणी विचारत नाही. माझी बायकोसुद्धा नाही. मी सांगायला लागलो. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांची भिंत फार घट्ट असते. हा निळा रंग उंदराच्या रक्तात सोडला की कान, पंजे, शेपूट, सगळा उंदीर निळा होतो, मेंदू तेवढा पांढरा राहतो. पण अल्झायमरसारखा आजार ज्या उंदरांत घडवून आणलेला असतो, त्यांच्यात ती भिंत झिरपते आणि मेंदूवरही निळे डाग पडतात. रक्तातलं नको ते आत आलं की मेंदूतल्या राखणदार पेशी खवळतात. सूज येते. त्या सुजेने भिंत आणखी सैल होते.

साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे लाइन लीक झाली, गटाराचं पाणी आत शिरलं, वॉचमन खवळले, आणि दंगा करून त्यांनीच उरलेली भिंत पाडली."

"जवळपास तसंच, साहेब."

"आधी काय व्हतं? लीक आधी का विसर आधी?"

"त्यावर जगभर वाद चालू आहे."

"आणि तू त्या वादात कुठं हाय?"

"मी तो वाद वाचतो," मी म्हणालो.

त्यांना माझं शास्त्र पटलं, हे फार वाईट झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या. डोकं उंचावर असलं की मेंदूवर प्रेशर कमी येतं, गळती होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. काकू रोज सकाळी पलंगाच्या पायथ्याशी घसरलेल्या सापडायला लागल्या. "तुमच्या साहेबांना सांगा, माझा मेंदू गळू द्या, पण मला सपाट झोपू द्या," असं त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं. मी सांगितलं. विटा तशाच राहिल्या.

आता लिंबू, म्हैस, कंदील. वैद्यकी शिकणाऱ्या पोरांना म्हणे प्रत्येक आजार आपल्यालाच झालाय असं वाटतं. मला तो इतरांना झालाय असं वाटायचं. बायकोने भाजीत दोनदा मीठ टाकलं तेव्हा मी तिच्याकडे एकटक बघत राहिलो. ती म्हणाली, "तसं बघू नका, नाहीतर तिसऱ्यांदा टाकीन." मग एकदा साहेबांनी मला आधीच्या भाडेकरूच्या नावाने हाक मारली. झालं. संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि म्हटलं, "साहेब, तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. लिंबू, म्हैस, कंदील." मग ठरल्याप्रमाणे दुसऱ्या गप्पा काढल्या. साहेब पाण्यावर सुटले ते पार निजामाच्या काळातल्या नहरीपर्यंत गेले. थोड्या वेळाने मी डॉक्टरी आवाज काढला, "हं, मघाचे तीन शब्द?"

"लिंबू, म्हैस, कंदील."

"शाब्बास! लिंबू, म्हैस आणि..." मी पडताळून पाहायला लागलो आणि अडकलो. तिसरा शब्द काही आठवेना. मी छताकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं.

"कंदील!" स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या.

त्या संध्याकाळी साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे कित्येक वर्षं दर सकाळी त्यांनी माझी परीक्षा घेतली, ती ही अशी. दोन्ही गल्ल्यांत मला कुणी नमस्कार केला नाही. लोक "कंदील" म्हणायचे आणि मी मान हलवायचो.

त्यामुळे खरंच जेव्हा काही बिघडायला लागलं, तेव्हा बोलायची माझी टाप नव्हती. शिवाय ते दिसणार तरी कसं? साध्या भिंतीला तडा गेला की लगेच डोळ्यांत भरतो. साहेबांची भिंत आधीपासूनच नक्षीची. एकच गोष्ट परत परत सांगणं, भलत्याच माणसाला झापणं, पेला घेऊन रस्त्यावर आडवं होणं, हे सगळं ते तब्येत ठणठणीत असतानाही करायचे. आता पेला न घेताच आडवे व्हायला लागले, तर त्यात कुणाला काय वाटणार?

खालच्या गल्लीत सोनवणेताई राहतात. पोस्टात नोकरी करतात, आवाज खणखणीत, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि अंगणात कॉलनीतली सगळ्यात नीट ठेवलेली कुंडी. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा पाण्याचा दिवस नेमका लग्नाच्या आदल्या दिवशी येत होता. ताई मुद्दाम साहेबांकडे आल्या. "साहेब, घर पाहुण्यांनी भरलेलं राहणार. त्या दिवशी आमच्या गल्लीला जरा सांभाळून घ्या."

"जबान दिली ताई. तुमच्या हौदात पोहायला येतील पाहुणे."

त्या दिवशी साहेब सफारी घालून निघाले. वरच्या गल्लीच्या टाक्या भरल्या, वाहायला लागल्या, गच्च्यांवरून धारा रस्त्यावर आल्या. साहेबांनी ते समाधानाने बघितलं, चावी खांद्यावर टाकली आणि घरी येऊन सफारी बदलला. खालच्या गल्लीचे नळ नुसते फुसफुसत होते. सोनवणेताई धावत आल्या.

"साहेब, पाणी?"

"दिलं की. तुम्हाला दिलं म्हणून तर घरी आलो."

"नाही आलं हो साहेब. थेंब नाही."

"कसं नाय? माझ्या हातानं दिलंय!"

कुणीतरी चावी घेऊन पळालं, तोवर मेन लाइनचं पाणी गेलं होतं. मग सगळी वरची गल्ली बादल्या आणि कळश्या घेऊन ताईंच्या घरी पाणी वाहायला लागली. मीही वाहिलं. माझी अर्धी बादली माझ्याच पँटवर सांडली आणि मला नवरीचा मामा समजून पाहुण्यांत, मामा घाबरलाय, अशी चर्चा झाली. लग्न नीट पार पडलं. ताई साहेबांना वाईट एक शब्द बोलल्या नाहीत. शेजारणीला एवढंच म्हणाल्या, "साहेबांची जबान आजवर खाली पडली नव्हती." साहेब तिथेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे वर आले. मालकाने भाडेकरूचा जिना चढायचा नाही हा त्यांचा दस्तूर होता. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच चढले. खुर्चीवर टेकून बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, ती परीक्षा घे. खरी घे. हसणार नाय मी."

मी घसा साफ केला, गंभीर झालो आणि म्हणालो, "लिंबू, म्हैस, कंदील." मग हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग विचारलं. साहेबांनी तिन्ही शब्द खडाखड सांगितले. माझा जीव भांड्यात पडला. मी उठून त्यांचा हात हातात घेतला, "साहेब, तुम्हाला काहीही झालेलं नाही," असं जाहीर केलं, आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. साहेबही सुटल्यासारखे दिसले. ते खाली गेल्यावर बायको कप उचलत म्हणाली, "अहो, ते तीन शब्द आपल्या दूधवाल्यालासुद्धा पाठ आहेत. तुम्हाला चौथा शब्द येत नाही का?"

येत नव्हता. म्हणजे त्या क्षणी सुचला नाही, हे खरं आहे.

मग एका मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. हे सुईवाले होते. साहेब, काकू आणि मी रिक्षाने गेलो. डॉक्टर तरुण होते आणि शांतपणे बोलत होते. त्यांनी विचारलं, "आजोबा, आपण आत्ता कोणत्या शहरात आहोत?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "संभाजीनगर म्हणू का औरंगाबाद? कोणत्याला मार्क हायेत ते आधी सांगा."

डॉक्टर हसले. "दोन्हीला देतो. आज वार कोणता?"

"पाण्याचा तिसरा दिवस."

डॉक्टरांनी पेन उचललं. काकू आणि मी एकदम म्हणालो, "बरोबर आहे, बरोबर आहे." वार आम्हालाही माहीत नव्हता. डॉक्टरांनी आम्हा दोघांकडेही जरा निरखून बघितलं.

मग त्यांनी तीन शब्द दिले. घोडा, पाटी, आंबा. थोडा वेळ इकडचं तिकडचं विचारलं, घड्याळ काढायला लावलं. साहेबांनी वर्तुळ सुबक काढलं, आकडे मात्र सगळे एका बाजूला गर्दी करून बसले. "आता मघाचे तीन शब्द सांगा बरं," डॉक्टर म्हणाले.

साहेब ताठ बसले. परीक्षेत पेपर सोपा गेल्यावर पोरगं बापाकडे बघतं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लिंबू, म्हैस, कंदील."

डॉक्टरांना काही कळलं नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं ज्या तीन शब्दांनी माझी फजिती झाली होती, तेच शेवटी त्यांच्याजवळ उरले होते, आणि तेही चुकीचं उत्तर म्हणून.

मेंदूचे फोटो काढले. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. अल्झायमर आहे, आणि बारीक रक्तवाहिन्या ठिकठिकाणी झिरपल्याच्या खुणा आहेत, काळे ठिपके ठिपके. असले ठिपके मी उंदरांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. त्यांच्यावर भाषणं दिली होती, एकदा तर मला नारळ आणि शालसुद्धा मिळाली होती. तेच ठिपके आज माझ्या घरमालकाच्या डोक्यात होते. साहेबांनी विचारलं, "नवीन काही औषध?"

डॉक्टर म्हणाले, परदेशात निघालंय, मेंदूत साचलेला थर ते साफ करतं. पण ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच अशा झिरपतात, त्यांना त्यानेच सूज येण्याची, रक्तस्राव होण्याची भीती असते. तुमच्यासाठी नको.

"जुन्या पाइपाचा गंज खरवडला की पाइप गळतो," साहेब मान हलवत म्हणाले. "नकोच." मग थोडा विचार करून म्हणाले, "बाहेरून पट्टा मारता येत नाय का?"

परत रिक्षाने निघालो. मोंढ्याच्या पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये थांबलो, तेव्हा साहेब म्हणाले, "चार्ज द्यावा लागंल."

सरकारी नोकरीत न राहिलेल्यांसाठी सांगतो. बदली झाली, निवृत्ती झाली, तरी आपल्या जागेवर येणाऱ्या माणसाला सगळं समजावून, त्याच्या हाती सोपवल्याशिवाय जुना माणूस मोकळा होत नाही. ह्याला चार्ज देणं म्हणतात. "खात्यात माणूस मेला तरी चालतं," साहेब म्हणायचे, "पण चार्ज दिल्याबिगर मोकळं व्हता येत नाय."

"सोनवणेताईंना द्या," मी म्हटलं. "त्या खमक्या आहेत."

"खमक्या हायेत म्हणूनच नाय. खमका माणूस झटका देतो. तू भित्रा हाय. भित्रा माणूस व्हॉल्व्ह हळू फिरवतो."

मी भित्रा आहे ह्यावर दोन्ही गल्ल्यांचं तत्काळ एकमत झालं. इतकं एकमत आमच्या कॉलनीत गणपतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरसुद्धा कधी झालेलं नाही.

पुढच्या पाण्याच्या दिवशी साहेब सफारी घालून व्हॉल्व्हजवळ उभे राहिले. मलाही इस्त्रीचा शर्ट घालायला लावला होता. त्यांनी चावी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "ऐक. आधी वरची गल्ली. टाक्या वाहायला लागल्या की खालची. मधी कुणी कितीबी ओरडलं तरी बदलायचं नाय. शेवटी झाकण लावायचं, नाय तर गाय पाय घालते. आणि हळू." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अजून एक. मी परत मागायला येईन. आरडाओरडा करीन, शिव्या दिईन. द्यायची नाय. तुझ्यासाठी नाय सांगत. खालच्या गल्लीच्या नळासाठी सांगतो."

"नाही देणार साहेब," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चावीचं वजन इतकं होतं की ती माझ्या पायावर पडली, म्हणून ते पाणी त्या खात्यावर खपलं.

काही महिने बरे गेले. मग एका पाण्याच्या दिवशी मी चावी खांद्यावर टाकून निघालो होतो, आणि साहेब बनियनवरच बाहेर आले. त्यांनी माझी कॉलर धरली. "ए चोरा! सरकारी चावी कुठं नेऊ राहिला?"

"साहेब, मी... वरचा..."

"कोण वरचा? माझी नेमणूक हाय ह्या जागेवर! दे इकडं!"

गल्ली गोळा झाली. कुणीतरी हसलं. साहेबांच्या डोळ्यांत राग होता आणि रागाच्या खाली भीती होती. अनोळखी गर्दीत हात सुटलेल्या लेकरासारखी. मी शब्द दिलेला होता. पण ज्या भित्रेपणावर माझी निवड झाली होती, त्यालाच मी जागलो. चावी त्यांच्या हातात दिली. मागे सोनवणेताईंनी कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. मेन लाइनला पाणी सुटलं होतं, पाइप खालून घुमायला लागला होता. आणि घाबरून माझ्या तोंडून निघालं, "साहेब, मी नवीन आहे. चार्ज घ्यायला आलोय."

साहेब थांबले. त्यांनी कॉलर सोडली. चुरगळली होती ती हाताने नीट केली.

"मग आधी सांगायचं ना. कुठून बदली झाली तुमची?"

"सोयगावहून."

"बरं. ऐका. आधी वरची गल्ली..."

सगळं सांगून झालं. त्यांनी चावी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "झालो ना मी मोकळा?"

"झालात साहेब."

ते हलक्या पावलांनी घरी गेले. त्या दिवसापासून दर पाण्याला हाच कार्यक्रम. मी आधी त्यांच्या हाती चावी द्यायचो, ते मला चार्ज द्यायचे. जितक्या वेळा माझी नेमणूक झाली तितक्या वेळा कुठल्या कलेक्टरची झाली नसेल, आणि दर वेळी मी नवीनच. बढती कधी नाही. मला ते आता तुम्ही म्हणायचे. इतकी वर्षं बिनसुईचा, कंदील, उंदीरवाला असं ऐकून घेतलं होतं, आणि आता हा मान मिळत होता. मला तो नको होता. मला माझी परीक्षा घेणारे साहेब परत हवे होते. जिन्यातून जाताना मी मुद्दाम चपला वाजवायचो. दारातून काही आवाज यायचा नाही.

हळूहळू चार्ज आखूड होत गेला. आधी गाय गळली. मग ओरडणारे लोक. मग खालची गल्ली. शेवटी शेवटी ते खुर्चीत बसूनच चावी हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "हळू." आणि मग, "मोकळा?"

"मोकळे साहेब," मी म्हणायचो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. साहेब फार वाळले होते. काकूंनी त्यांना सफारी घातला तर त्यात आणखी एक साहेब मावले असते. मी चावी त्यांच्या हाती दिली. त्या दिवशी 'हळू'ही गळलं. ते बराच वेळ दांड्यावरून नुसता अंगठा फिरवत राहिले. मग माझ्याकडे बघून अगदी बारीक आवाजात विचारलं, "मोकळा?"

आणि माझ्याच्याने हो म्हणवेना. मी म्हणालो, "नाही साहेब. पुढच्या पाण्याला यायचंय तुम्हाला. चार्ज अर्धा राहिलाय."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. जुनी, खात्यातली, हाताखालच्यांना घाम फोडणारी आठी. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. "बरं," ते म्हणाले. "येतो."

आले नाहीत. त्यांच्या जाण्याला तेरा दिवसही झाले नव्हते, तोच पाण्याचा दिवस आला. पाण्याला सुतक नसतं. मी एकटाच चावी खांद्यावर टाकून निघालो. झाकण काढलं, चावी आत सोडली आणि उभा राहिलो. हात चालेना. वरच्या गल्लीच्या टाक्या वाहायला लागल्या, खालच्या गल्लीतून "अहो कंदील, सोडा की!" अशा हाका सुरू झाल्या, आणि मी तसाच उभा. मनात एकच चाललं होतं. इतक्या वेळा त्या माणसाला मोकळा केला, आणि नेमका शेवटच्या वेळी अडकवून ठेवला.

तेवढ्यात काकू आल्या. पाण्याच्या दिवशी त्या कधी व्हॉल्व्हपर्यंत आलेल्या नव्हत्या. त्या साहेबांच्या जागेवर उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "ऐका. आधी वरची गल्ली. टाक्या वाहायला लागल्या की खालची. मधी कुणी कितीबी ओरडलं तरी बदलायचं नाय. शेवटी झाकण लावायचं, नाय तर गाय पाय घालते. आणि हळू."

एक शब्द गळला नव्हता. मी हळू चावी फिरवली. खालच्या गल्लीतून सोनवणेताईंचा खणखणीत आवाज आला, "आलं!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "झाले ना ते मोकळे?"

"झाले काकू," मी म्हणालो.